अर्धा सेंटीमीटर

आमच्या चौल नाक्यावर कुणी हातात टेप घेऊन उभं राहिलं, की लोक हातातलं काम टाकून बाहेर येतात. एक तर रस्ता रुंद होणार, नाही तर कुणाच्या तरी वाडीची वाटणी होणार. पण टेपवाले जर आमचे स्काउटचे सर असले, तर मोठी माणसं निर्धास्त आपापल्या वाटेने जायची आणि शाळेची पोरं पटापट स्वतःच्या बाह्या तपासायला लागायची.

मी टेलर. नाक्यावरचं दुकान वडिलांचं, आता मी चालवतो. वडील अजून रोज येऊन खुर्चीत बसतात आणि मी ते कसं नीट चालवत नाही हे गिऱ्हाइकांना सांगतात. आजूबाजूच्या शाळांचे गणवेश आमच्याकडेच शिवले जातात. त्यामुळे सरांशी आमचा संबंध दुहेरी. शाळेत असताना मी त्यांच्या पथकातला स्काउट, आणि दुकानात ते आमचं गिऱ्हाईक. असं गिऱ्हाईक देव वैऱ्याच्या दुकानातसुद्धा न पाठवो, असं वडील म्हणायचे, आणि सर पायरीवर दिसले की स्वतःच उठून त्यांना स्टूल पुसून द्यायचे.

सर दिसायला काही विशेष नव्हते. उंची बेताची, आवाज बारीक, कानांवर केस. पण गणवेश चढवला की माणूस चार बोटं उंच व्हायचा. पावसाळ्यात आमच्याकडे चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते, तेव्हाही त्यांच्या शर्टाची इस्त्री मोडलेली मी पाहिली नाही. शाळेत यायचे सायकलवरून. मुलाने स्कूटर घेऊन देतो म्हटलं तर म्हणाले, "डोक्यावर हेल्मेट आल्यावर टोपीचा बिल्ला कुणाला दिसणार?" झालं, स्कूटर राहिली.

पँटच्या उजव्या खिशात त्यांची पिवळी कापडी टेप असायची. ती त्यांनी कधी कुणाच्या हातात दिली नाही. "मोजायचं माप एकच असावं आणि मोजणारा हात एकच असावा," हे त्यांचं म्हणणं. कुणी बाहीवर नवा बिल्ला शिवून आला की त्याला वर्गापुढे उभं करायचे, टेपचं टोक खांद्याच्या शिवणीवर धरायचे, खाली ओढायचे आणि चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचायचे. पाच सेंटीमीटर भरले तर एक अक्षर बोलत नसत. टेप गुंडाळायची, खिशात टाकायची. सरांची शाबासकी म्हणजे तेवढीच. आकडा चुकला तर मात्र बोलायचे, आणि मग सगळा तास त्यातच जायचा. गणिताच्या तासाला सर बाही मोजायला लागले की आम्हाला कोण आनंद व्हायचा!

"तुम्ही गप्प असलात तरी बिल्ला बोलत असतो," असं ते सांगायचे. "हा पोहतो, हा जखम बांधतो, हा चुलीवर भात शिजवतो. लोक वाचतात ते. उद्या खाडीत कुणी बुडायला लागला आणि तुझ्या बाहीवरचा पोहण्याचा बिल्ला बघून त्याने तुला हाक मारली, तर? पोहता येत नसेल तर दोघंही जाल."

एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "पण सर, पोहता येत असेल तर बिल्ला दोन बोटं वरखाली असला म्हणून काय बिघडलं?"

सरांनी त्याला उभं केलं. "तुझी आई टिकली कुठे लावते?"

"कपाळावर."

"गालावर लावून बाजारात गेली तर काय बिघडेल?"

पोरगा खाली बसला. त्या दिवसानंतर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नाही.

आणि हे वेड काही शाळेपुरतं नव्हतं. एकदा रेवदंड्याला बाजारात एक नवा पोलीस उभा होता. त्याची नावाची पट्टी वाकडी लागलेली. सर सायकलवरून उतरले, सायकल स्टँडला लावली, पोलिसासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, आपल्या परवानगीने." आणि दिली पट्टी सरळ करून! पोलिसाला वाटलं असेल हे कुणीतरी वरचे अधिकारी, साध्या वेशातले. त्याने खाडकन सलाम ठोकला. सरांनी स्काउटचा तीन बोटांचा सलाम परत दिला, सायकलवर बसले आणि कोळणीकडून मांदेली घेऊन घरी गेले. आम्ही दोघं-तिघं पोरं तिथेच होतो, हसून हसून जीव गेला आमचा.

घरात काय होत असेल ते त्यांच्या बायकोलाच माहीत. काकू एकदा ब्लाऊजचं माप द्यायला दुकानात आल्या होत्या. वडील टेप काढायला लागले तर म्हणाल्या, "मापं पाठच आहेत माझी. मंगळसूत्र सोडलं तर घरातलं सगळं मोजून झालंय." पदर सारखा करत म्हणाल्या, "मंगळसूत्रही झालंय म्हणा."

दुसऱ्यांचे बिल्ले असे मोजणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या छातीवर मात्र अगदी मोजके बिल्ले. शिबिरांना जातील तिथे पाहुण्यांना म्हणून चकचकीत काहीतरी मिळायचं, ते सगळं घरी बिस्किटांच्या डब्यात. "शिबिराचा बिल्ला शिबिरापुरता. तो लावून मी चौलात फिरलो तर लोकांना वाटायचं मी अजून तिथेच आहे," म्हणायचे.

आता वडिलांची आणि त्यांची गंमत सांगतो. गंमत म्हणजे भांडणच, पण वर्षातून दोनदा, ठरल्यासारखं. एकदा जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आणि एकदा अलिबागच्या मेळाव्याच्या आधी. वडील मुलांच्या शर्टांवर बिल्ले शिवून ठेवायचे. सर यायचे, स्टुलावर बसायचे, एकेक बाही मांडीवर पसरून मोजायचे आणि म्हणायचे, "मास्तर, अर्धा सेंटीमीटर खाली गेलाय. वर घ्या."

आमच्याकडे टेलरलाही मास्तर म्हणतात, त्यामुळे दुकानात दोन मास्तर समोरासमोर.

"सर, मी मोजून लावलाय. बरोब्बर दोन इंच."

"हे तुमचे इंच सोडा हो. सेंटीमीटरमध्ये या."

"दोन इंच म्हणजे पाचच होतात की! वर एक केसभर."

"मग माझ्याकडे साडेपाच का येतात?"

"ते तुमच्या टेपला इचारा. आणा इकडं, बघू."

टेप खिशात जायची. "टेप मी कुणाला देत नाही, मास्तर."

मग वडील ब्लेड घ्यायचे, कराकरा टाके उसवायचे आणि बिल्ला अर्धा सेंटीमीटर वर घेऊन पुन्हा शिवायचे. सगळे बिल्ले. तोंडाने अखंड पुटपुट. सर मोजायचे, पाच भरायचे, टेप गुंडाळायची, खिशात. निघताना डावा हात पुढे करायचे, स्काउटचं हस्तांदोलन डाव्या हातानेच असतं म्हणून. वडील मुद्दाम उजवा हात पुढे करायचे. दोघांचे हात एकमेकांना चुकायचे आणि सर निघून जायचे.

मेळाव्यात तर सरांचा जीव नुसता तळमळायचा. जिल्ह्याभरातून पथकं यायची, आणि सरांच्या मते त्या सगळ्यांचे बिल्ले अर्धा सेंटीमीटर खाली. "सगळा जिल्हा चुकतोय रे," असं ते खरोखर दुःखाने म्हणायचे. आम्हाला मात्र काय अभिमान वाटायचा! साऱ्या मैदानात बरोबर फक्त आम्ही.

या सगळ्यात मला एकच गोष्ट हवी होती. शिवणकामाचा बिल्ला. आमच्या पथकात कोळीवाड्यातली पोरं होती, ती माशासारखी पोहायची. वाडीतली पोरं दोऱ्याच्या गाठी डोळे मिटून मारायची. माझ्याजवळ होती फक्त सुई. आठवीत असताना काज, तुरपाई, रफू, सगळं यायचं मला. सर म्हणाले, मेळाव्यानंतर परीक्षा घेऊ. मला कुठला धीर.

त्यात माझा मित्र दिन्या. रेवदंड्याचा, घरची होडी. त्याने खाडीत पोहण्याची परीक्षा अशी दिली की परीक्षकच किनाऱ्यावरून ओरडायला लागले, बस झालं, परत ये. पण बिल्ले वरून, मुख्यालयातून, यायला उशीर झाला आणि मेळावा चार दिवसांवर. दिन्याचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, थांब, मी करून देतो. वडील जेवायला गेले की मी दुकानात बसायचो. खऱ्या बिल्ल्यावरून नमुना घेतला, हिरव्या कापडावर रेशमाने भरला. दिन्याने मला त्याच्या आईच्या हातचे सुके बोंबील आणून दिले.

झालं! दुसऱ्या दिवशी पाच जण दुकानामागे उभे. एकाला स्वयंपाकाचा पाहिजे, एकाला प्रथमोपचाराचा. त्यातल्या दोघांनी तर परीक्षेचं नावही काढलं नव्हतं. मी कुणाला नाही म्हटलं नाही. खरं सांगतो, मला काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं, हात इतका छान चालत होता. आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात चांगला, मी माझ्यासाठी भरला. शिवणकामाचा. सर मोजतील म्हणून त्यांच्या हिशेबाने अर्धा सेंटीमीटर वर घेऊन शिवला.

मेळाव्यात सर आमच्याकडे बघत होते, पण काही बोलले नाहीत. परतताना एसटीतही गप्प. आम्हाला वाटलं, पचलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला सात जणांना थांबवलं. टेबलावर एक ब्लेड ठेवलं. "आपापला उसवा."

दिन्या रडकुंडीला आला. "सर, मी तर खरंच पोहलोय!"

"पोहणं तुझं आहे," सर म्हणाले. "बिल्ला याचा आहे." आणि बोट माझ्याकडे.

कसं ओळखलं ते मी विचारलं नव्हतं, तरी स्वतःच सांगायला लागले. "वरून येणाऱ्या बिल्ल्याचा एक तरी टाका चुकलेला असतो. तुझा एकही चुकलेला नाही. काम उत्तम आहे. म्हणून जास्त वाईट आहे." त्यांचा आवाज एरवीपेक्षाही बारीक झाला होता. मारलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं मला. मग म्हणाले, "शिवणकामाची तुझी परीक्षा झाली असं समज. पास झालास. बिल्ला मात्र मिळणार नाही."

"कधी मिळेल, सर?"

"ते मी सांगू शकत नाही. मला तुझ्यावर भरवसा वाटला पाहिजे ना रे."

घरी वडिलांना कळलंच. त्यांनी एक ठेवून दिली. मग तो उसवलेला बिल्ला उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि मला ऐकू जाणार नाही असं समजून आईला म्हणाले, "टाका बघ कसा घेतलाय."

त्या दिवसापासून सर माझी बाही दोनदा मोजायला लागले. सगळ्यांची एकदा, माझी दोनदा. दहावी होईपर्यंत. बरं, शाळा संपली, मी दुकानात बसायला लागलो, लग्न झालं, मला पोर झालं, तरी मी शिवलेला बिल्ला असला की सर दोनदाच मोजायचे. एकदा मोजून टेप उचलायची आणि पुन्हा टोक शिवणीवर. बायको म्हणायची, म्हातारपणाने विसरतात ते. ते विसरत नव्हते, मला माहीत होतं. दर वेळी मी नजर मशीनकडे वळवायचो, पस्तिशी ओलांडली तरी.

मधे ते चक्रीवादळ आलं. आमच्या दुकानाचे पत्रे उडून शेजारच्या विहिरीत. सुपारीच्या वाड्या आडव्या, वाटेत पाऊल टाकायला जागा नाही. तिसऱ्या दिवशी सर आले. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण पथक सोडलं नव्हतं. मागे आठ-दहा पोरं. त्यातला एक कडक गणवेश घालून आलेला, सगळे बिल्ले लावून, फोटो काढायला कुणी येईल या आशेने. सर त्याला म्हणाले, "आज शर्ट घरी ठेव. कोयता आण." आणि मला म्हणाले, "तुझ्याकडे ताडपत्री शिवायची सुई आहे ना?" आठ दिवस मी लोकांच्या छपरांसाठी ताडपत्र्या जोडत होतो. सर टोकं धरून बसायचे. त्यांच्या स्वतःच्या घराची अर्धी कौलं गेलेली, पण त्यांची ताडपत्री त्यांनी सगळ्यात शेवटी घेतली. आणि काय सांगू, ती ताडपत्रीसुद्धा त्यांनी दोनदा मोजली!

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी सर दुकानात आले. आता काठी आली होती हातात. बरोबर आठवीतली एक मुलगी, दोन वेण्या, गाइडचा गणवेश.

"हिची शिवणकामाची परीक्षा आहे," सर म्हणाले. "परीक्षक पाहिजे."

"कुणाला सांगू? अलिबागला आमच्या ओळखीचे एक..."

"तुला सांगायला आलोय."

वडील खुर्चीत सरळ बसले. मी म्हटलं, "सर, मला स्वतःला बिल्ला नाही. मी कसला परीक्षक?"

"परीक्षकाला बिल्ला लागत नाही. काम यावं लागतं आणि लाज असावी लागते. काम तुला आधीपासून येत होतं."

घेतली परीक्षा. काज करायला लावलं, बटण लावायला लावलं, फाटक्या खिशाला ठिगळ. पोरगी हुशार. तुरपाई जरा ढिली होती, ती मी उसवून परत करायला लावली. वडिलांनी खुर्चीतून, "कशाला छळतोस लेकराला?" असं म्हटलं, तेव्हा मला आठवलं की माझ्याकडून त्यांनी तीच तुरपाई किती वेळा करून घेतली होती. शेवटी फॉर्मवर सही केली. आधी रद्दी कागदावर गिरवून बघितली होती, हसू नका.

मग सरांनी वरून आधीच मागवून ठेवलेला बिल्ला तिला दिला आणि तिने तिथेच बसून तो बाहीवर टाचला. मी सरांकडे बघितलं, आता मोजतील म्हणून. सरांनी खिशातून टेप काढली आणि माझ्यापुढे धरली. "तूच मोज."

इतक्या वर्षांत ती टेप कुणाच्या हातात गेलेली मी पाहिली नव्हती. मी टोक शिवणीवर धरलं. पाच भरायला बिल्ला जरासा वर घ्यावा लागला, तो घेतला, पोरीने टाके घातले. टेप गुंडाळून सरांना द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे तुझ्याकडे. माझ्या डोळ्यांना आता आकडे दिसत नाहीत. यापुढे पथकाचे बिल्ले तू मोज." आणि काठी टेकत, पोरीशी बोलत निघून गेले. दुसऱ्यांदा मोजलं नाही.

वडील म्हणाले, "आण बघू ती."

वडिलांना मोतीबिंदू. ऑपरेशनला घाबरतात, त्यामुळे दिसतं बेताचंच, पण बोटं अजून शाबूत. टेप हातात घेतली, मांडीवर सोडली, अंगठ्याने टोक चाचपलं. एकदा. परत एकदा. म्हणाले, "हे दुमडलंय."

"काय दुमडलंय?"

"टोक. पितळी पत्री न्हाय टोकाला. पत्री निघालीय आन् दोरे सुटू नये म्हणून कुणीतरी आत दुमडून शिवलंय. घे तुझी टेप. लाव शेजारी."

लावली. सरांच्या टेपची सुरुवात आमच्या टेपच्या अर्ध्या सेंटीमीटरवर येत होती. म्हणजे सरांचे पाच ते खरे साडेचार. जिल्हा बरोबर होता. इतकी वर्षं सगळ्या जिल्ह्यात चुकत होतो ते एकटे आम्ही!

वडील जे हसायला लागले ते थांबेनात. ठसका लागला, मी पाणी दिलं, पाणी पितानाही हसतायत. "तीस वरसं! तीस वरसं उसवायला लावलं मला या माणसानं! मी सांगत होतो, टेपला इचारा म्हणून!" नाक्यावरचा रिक्षावाला डोकावून गेला, काय झालं म्हणून.

मग हळूहळू गप्प झाले. टेप हातातच होती. म्हणाले, "सांगू नकोस त्याला."

"बाबा..."

"न्हाय सांगायचं. म्हातारा झालाय. आयुष्यभर एकच काम नेमानं केलं त्यानं. आता कशाला? व्हय ना?"

तीन दिवस मी त्या टेपकडे बघत होतो. सांगावं तर सरांच्या जिवाला लागणार. न सांगावं तर त्यांनी भरवशाने हातात दिलेल्या टेपने, खोटी आहे हे माहीत असताना, मी पोरांच्या बाह्या मोजणार. आणि माझ्या हातचा बिल्ला पुन्हा खोटं बोलणार. एवढं सगळं होऊन मी परत आठवीतलाच पोरगा! चौथ्या दिवशी दुपारी सायकल काढली आणि सरांच्या घरी गेलो.

सर पडवीत बसले होते. मी टेप त्यांच्या हातात दिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मधे थांबलो असतो तर जमलं नसतं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांनी टेप मांडीवर पसरली. आतून ब्लेड मागवलं. टोकाचे टाके स्वतःच एकेक उसवले, चाचपत. दुमडलेला तुकडा सरळ केला. बाकीची टेप उन्हा-घामाने मळकी झालेली, आणि तो अर्धा सेंटीमीटर कोरा करकरीत पिवळा. काल दुकानातून आणल्यासारखा.

"मीच शिवलं होतं," ते म्हणाले. "नोकरी नवीन होती. पत्री निघाली, दोरे सुटत होते." मग तो कोरा तुकडा अंगठ्याने चोळत, "म्हणजे मास्तर बरोबर होते."

"सर, त्याचं काय एवढं..."

"उद्या दुकानात येतो." आणि आत निघून गेले. परतताना वाटत होतं, काय केलं मी हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकतं दुकान उघडलं होतं. वडील खुर्चीत बसून दोरा ओवायचा प्रयत्न करत होते. सर आले. पूर्ण गणवेशात. टोपी, स्कार्फ, शिट्टीची दोरी, बूट. काठी त्यांनी बाहेर पायरीशी ठेवली. आत आले, वडिलांच्या खुर्चीसमोर सावधानमध्ये उभे राहिले, आणि तीन बोटांचा कडक सलाम केला.

"मास्तर, तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं. तीस वर्षं चुकलं."

वडिलांनी या दिवसाची किती वाट बघितली होती! काय काय बोलायचं ते त्यांनी आम्हाला शंभरदा बोलून दाखवलं होतं. उठायला गेले, सुई खाली पडली. शेवटी म्हणाले, "चा घेनार का?"

"घेतो," सर म्हणाले. "आधी हे उसव रे." आणि टोपी काढून बाजूला ठेवली, शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि बनियनवर स्टुलावर बसले. या माणसाला बनियनवर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी सगळे बिल्ले काढले. प्रत्येकाच्या खाली कापडाचा मूळ गडद रंग राहिला होता, नेमका बिल्ल्याच्या आकाराचा. अर्धा सेंटीमीटर खाली घेऊन शिवले, तरी वरून त्या रंगाची कड दिसत होती. मी म्हटलं, "सर, हे दिसणार."

"दिसू दे. झालेलं आहे ते."

दोघं म्हातारे चहा पीत बसले. "उद्या पथकाला दुकानात पाठवतो," सर म्हणत होते. "सगळ्यांचे खाली घ्यायचे." वडील म्हणाले, "पाठवा. उसवायची सवय हाय आमाला." आणि दोघंही हसले. शर्ट तयार झाल्यावर वडिलांनी आमची टेप पुढे केली, "मोजून घ्या, सर." सरांनी मान हलवली. नको म्हणाले.

शर्ट अंगात घातला, बटणं लावली, टोपी घातली, निघाले. पायरीपर्यंत जाऊन परत फिरले. पँटच्या उजव्या खिशातून कागदाची एक बारीक पुडी काढली आणि माझ्या मशीनवर ठेवली.

"हा राहिला होता. लावायचा नाही हं, तुझं वय गेलं. पण तुझा आहे."

जाताना त्यांनी वडिलांपुढे हात केला, डावा. वडिलांनीही डावाच दिला.

पुडी सोडली. हिरव्या कापडावर भरलेला, शिवणकामाचा. वरून आलेला, कारण एक टाका चुकलेला होता. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले.

वडील खुर्चीतून म्हणाले, "बाजूला हो. मशीनवर पाणी सांडतंय, गंज चढल."